सातव्या क्रमांकाचा धावपटू : श्रीरामसिंग

आपल्याकडे धावपटू म्हटले की मिल्खासिंग आणि पी. टी. उषा ही दोन नावे मुलांच्या तोंडी चटकन येतात. 1960 च्या रोम ऑलिंपिकमधील मिल्खासिंग यांचा चौथा क्रमांक आणि 1984 च्या लॉस एंजेलिसमधील उषाचा चौथा क्रमांक घरोघरी पाठ आहे. मात्र 1976 साली मॉन्ट्रियल येथे 800 मीटरच्या अंतिम शर्यतीत धावलेले श्रीरामसिंग फारसे कोणाला ठाऊक नाहीत. ते सातवे आले होते. सातव्याला कोण विचारतो? पण इतिहास शिकवणाऱ्याला नुसत्या क्रमांकावर थांबता येत नाही.

श्रीरामसिंग यांचा जन्म 1948 सालचा, राजस्थानातला. 1968 मध्ये ते राजपुताना रायफल्समध्ये भरती झाले, तेव्हा त्यांचा पल्ला 5000 मीटरचा होता. सैन्यात त्यांची गाठ पडली ती प्रशिक्षक इलियास बाबर यांच्याशी. बाबरसाहेबांनी या जवानाला लांब पल्ल्यावरून काढून 400 आणि 800 मीटरकडे वळवले. हा बदल साधा नव्हे. 800 मीटर म्हणजे मैदानाचे दोन फेरे. पहिल्या फेऱ्यात वेगवान धावपटूचे पाय लागतात, आणि दुसऱ्यात लांब पल्ल्याच्या गड्याची छाती. दोन्ही एकाच अंगात असणारा माणूस क्वचित सापडतो. बाबरसाहेबांना तो ओळखता आला.

पालकांनी येथे क्षणभर थांबावे. दहावीचा निकाल लागला की मुलाला कोणत्या शाखेत घालायचे हे आपण बहुधा शेजारच्याचा मुलगा कोठे गेला यावरून ठरवतो. बाबरसाहेबांनी आधी मुलाची चाल पाहिली.

फळ लगेच हाती आले नाही. 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत श्रीरामसिंग यांना रौप्यपदक मिळाले खरे, पण 1972 च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये ते पहिल्याच फेरीत बाद झाले. गुरू-शिष्य पुन्हा मैदानावर गेले. 1974 साली तेहरानला त्यांनी सुवर्णपदक पटकावले आणि 1978 मध्ये बँकॉकला ते राखले.

या दोन सुवर्णांच्या मध्ये मॉन्ट्रियल येते. पहिल्या फेरीतच त्यांनी 1 मिनिट 45.86 सेकंद अशी वेळ दिली. तो आशियाई विक्रम होता. उपांत्य फेरी पार करून 25 जुलै 1976 रोजी ते अंतिम शर्यतीसाठी उभे राहिले. समोर क्यूबाचा धिप्पाड अल्बर्टो हुआंतोरेना, अमेरिकेचा रिक वोलहुटर, बेल्जियमचा इव्हो व्हॅन डॅम. बंदूक उडाली आणि श्रीरामसिंग थेट आघाडीवर गेले! पहिला फेरा संपेपर्यंत घड्याळात 51 सेकंदही झाले नव्हते आणि तोवर त्यांनी पुढची जागा सोडली नव्हती. दुसऱ्या फेऱ्यात हुआंतोरेना पुढे निघून गेला, मग एकेक करून इतरही. हुआंतोरेनाने 1 मिनिट 43.50 सेकंदांचा जागतिक विक्रम केला. श्रीरामसिंग यांच्या सुरुवातीच्या वेगामुळे हा विक्रम शक्य झाला, असे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले.

काहीजण म्हणतात, इतका वेग घेतला नसता तर वरचा क्रमांक आला असता. मला हे पटत नाही. त्या दिवशी त्यांची वेळ 1 मिनिट 45.77 सेकंद होती, म्हणजे दोनच दिवसांपूर्वी केलेला स्वतःचा आशियाई विक्रम त्यांनी पुन्हा मोडला होता. सहाव्या क्रमांकाचा सुशान्य त्यांच्यापुढे केवळ दोन शतांश सेकंद होता. पाचवा आलेला स्टीव्ह ओव्हेट चार वर्षांनी याच अंतराचा ऑलिंपिक विजेता झाला आणि चौथा विली वुल्बेक 1983 मध्ये जगज्जेता ठरला. त्यावेळी आफ्रिकी देशांनी बहिष्कार घातल्याने केनियाचा माइक बॉइट आला नव्हता हे खरे, पण म्हणून घड्याळाचे काटे काही हळू फिरत नाहीत.

1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही आणि कारकीर्द उताराला लागली. अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री हे दोन्ही सन्मान त्यांना मॉन्ट्रियलच्या आधीच मिळाले होते. बाबरसाहेबांना मात्र द्रोणाचार्य पुरस्कारासाठी 1994 पर्यंत वाट पाहावी लागली. तोपर्यंत त्यांच्या हाताखालून गीता झुत्शी तयार झाली होती, आणि 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत 800 मीटरचे सुवर्ण जिंकणारा चार्ल्स बोरोमिओसुद्धा.

मॉन्ट्रियलची ती वेळ आशियात 1994 पर्यंत कोणाला गाठता आली नाही. त्या वर्षी दक्षिण कोरियाच्या ली जिन-इलने ती मागे टाकली. भारतात तर ती आणखी टिकली. मधल्या काळात धावण्याचे मार्ग बदलले, बूट बदलले, परदेशी प्रशिक्षक आले. अखेर 2018 च्या जूनमध्ये गुवाहाटी येथे केरळच्या जिन्सन जॉन्सनने 1 मिनिट 45.65 सेकंदांत अंतर कापले. बेचाळीस वर्षांनी विक्रम मोडला, तोही एका सेकंदाच्या जेमतेम आठव्या हिश्शाने.