राजेळी केळ : नांव, मूळ व गुण

वसई-आगाशीकडील वाड्यांत राजेळी नांवाची केळ पूर्वापार लागवडींत आहे. हिचेंच फळ वाळवून सुकेळीं करितात. नांवाच्या आरंभीं 'राज' हें पद असल्यामुळें तिचा संबंध एखाद्या राजाशीं जोडण्याचा मोह सहज होतो. बिंबराजाचें महिकावतीचें राज्य याच टापूंतलें, तेव्हां तो मोह अधिकच बळावतो. परंतु या समजुतीस आधार कोणता, हें पाहूं लागलें म्हणजे ती टिकत नाहीं.

प्रथम शब्द पाहूं. संस्कृत 'कदली' या शब्दाचीं प्राकृतांत 'कयली' व 'केली' अशीं दोन्ही रूपें होतात, हें हेमचंद्रानें बाराव्या शतकांत नमूद केलें आहे. आमची 'केळी' या दुसऱ्या रूपापासून आली. पदाच्या मध्यें आलेल्या ककाराचा लोप हा प्राकृताचा परिचित नियम आहे. त्यास अनुसरूनच राज-केळीची राजेळी झाली. १८८२ सालच्या ठाणें गॅझेटियरांत केळीच्या नऊ जाती दिल्या आहेत. त्यांपैकीं मुठेळी व करंजेळी यांत हाच लोप दिसतो. सोनकेळी व बेणकेळी यांत ककार शाबूत आहे. ज्या नांवांत दोन पदें अशीं एकजीव झालीं, तीं लोकांच्या तोंडीं अधिक काळ रुळलेलीं असावींत, असें आम्हांस वाटतें. 'राज' हें पद येथें केवळ थोरपणा दाखवितें. राजहंस, राजमाष, राजजंबू या शब्दांच्या पाठीमागें आपण कोणता राजा शोधतों?

निघंटूंचीही साक्ष जपूनच घ्यावी लागते. राजनिघंटूंत काष्ठकदली, गिरिकदली, सुवर्णकदली हे भेद आहेत. भावप्रकाशांत माणिक्य, मर्त्य, अमृत, चंपक असे आहेत. सुवर्णकदली म्हणजेच आजची सोनकेळी, असें म्हणण्यास जीभ वळवळते. पण नांव जुळलें म्हणून झाड जुळलेंच असें नाहीं. तसेंच नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखाचें. त्यांत बत्तीस हजार नारळीच्या रोपांचें दान आहे व शूर्पारकाचाही उल्लेख आहे. त्यावरून या किनाऱ्यावरील बागाइताचें प्राचीनत्व सिद्ध होतें, केळीचें होत नाहीं. पोर्तुगीजांनीं केळ आणिली म्हणावें, तर १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्तानें 'केळी' हेंच नांव देशी म्हणून दिलें आहे.

मग साक्ष कोणाची घ्यावी? आमच्या मतें झाडाचीच. लागवडीच्या केळास बीं नसतें. मुनवा काढून दुसरीकडे लाविला तरच वंश चालतो. म्हणजे प्रत्येक झाड ही आधीच्या झाडाची नक्कल होय. पोथ्या जुळविणाऱ्यांस हें सांगणें नको : प्रतीवरून प्रत होतां होतां कोठें एखादा पाठ बदलतो, आणि त्या बदलावरूनच परंपरा ओळखतां येते. १९५५ सालीं सिमंड्स व शेफर्ड यांनीं केळींचें वर्गीकरण केलें, तें याच रीतीचें आहे. मुसा ॲक्युमिनाटा व मुसा बाल्बिसियाना या दोन रानटी मूळांच्या लक्षणांवरून त्यांनीं जातींचे गट पाडले. राजेळींत पहिल्याचे दोन वांटे व दुसऱ्याचा एक पडतो, आणि केरळांतील नेंद्रन तिची अगदीं जवळची भगिनी ठरते. तेव्हां मलबाराकडून किनाऱ्याकिनाऱ्यानें कोणाच्या तरी गलबतांतून मुनवे वर आले असावे, असा आमचा तर्क आहे. तो मोडणारा कागद कोणास सांपडल्यास आम्ही तो आनंदानें सोडूं.

गुणांविषयीं. फळ लांब, कोनदार, जाड सालीचें; गर घट्ट व पिष्टमय. म्हणून तें कच्चें शिजवितां येतें आणि पिकलेलें वाळवितां येतें. बसराईच्या मऊ गराला हें साधत नाहीं. पिकलेलीं केळीं सोलून मांडवावर उन्हांत घालितात व रात्रीं केळीच्याच वाळक्या पानांत झांकून ठेवितात. आठवडाभर हा क्रम चालला म्हणजे फळ आकसून तांबूस होतें व अंगच्याच गोडीनें चिकटतें. वरून साखर घालावी लागत नाहीं. आगाशीचीं सुकेळीं जिल्ह्यांत उत्तम, असें सरकारी गॅझेटियरांतच नमूद आहे.

आज हें काम करणारीं घरें थोडीं उरलीं आहेत, आणि वाड्यांच्या जागीं इमारती उठत आहेत. वसईच्या वाडीवाल्यांचे जुने जमाखर्च कोणा संग्राहकाच्या रुमालांत असतील, तर त्यांत 'राजेळी' व 'सुकेळीं' हे शब्द प्रथम कोणत्या सालीं येतात, तेवढें पाहून कळवावें.