मासिकाच्या नावाची अक्षरे

मासिकाचे नाव आपण एकदाच वाचतो. त्यानंतर नुसते ओळखतो. स्टॉलवर दोरीला पंधरा-वीस अंक टांगलेले असले तरी आपल्याला हवा तो लांबूनच कळतो, चष्मा काढावा लागत नाही. नावाची अक्षरे आपल्या डोळ्यांत बसलेली असतात. मराठी मासिकांचा इतिहास आपण संपादकांच्या आणि लेखकांच्या नावांनी सांगत आलो आहोत. आज तो या अक्षरांच्या बाजूने सांगून पाहावा असे मनात आले.

सुरुवातीला मुखपृष्ठ असे काही नव्हतेच. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी दोन स्तंभांत असे. वर नाव, खाली लगेच मजकूर. १८४० साली बाळशास्त्रींनीच 'दिग्दर्शन' काढले, ते आपले पहिले मासिक. त्या काळात मराठी अक्षर कागदावर नीट उमटणे हेच मोठे काम होते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळे सुधारले. तिथेच शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला. पुढे जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचे सहकारी राणूजी रावजी आरू यांनी कोरलेली अक्षरे इतकी देखणी होती की निर्णयसागरी पुस्तक हातात घेतले की आजही वाचण्याआधी बघत राहावेसे वाटते.

पण हे खिळे मजकुरासाठी होते. मासिकाचे नाव मोठे हवे, आणि मोठे म्हटले की देवनागरी अडून बसते. इंग्रजी जुळाऱ्याचे काम शे-दीडशे खिळ्यांत भागते. आपल्याकडे काने, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे धरली तर खण शेकड्यांनी लागतात. प्रत्येक मापाचा एवढा संच कोणत्या छापखान्याला परवडणार? शिवाय शिरोरेषा. ती आपण एका झटक्यात ओढतो, पण खिळ्यांत ती तुकड्या-तुकड्यांनी येते, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर तिचा आपापला तुकडा. खिळा जरा झिजला की दोन तुकड्यांत फट दिसते. बारीक अक्षरात ती खपून जाते, मोठ्या अक्षरात दात पडल्यासारखी दिसते.

यातून एक वाट निघाली. नाव खिळ्यांनी जुळवायचेच नाही. चित्रकाराकडून ते शाईने काढून घ्यायचे, त्याचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, आम्लाने बाकीचा भाग खाववायचा आणि तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. झाला ब्लॉक. तो एकदा केला की वर्षानुवर्षे चाले. पुष्कळ मासिकांत नावाचा ब्लॉक तोच राही आणि दर महिन्याला फक्त शाईचा रंग बदले. सांगायचा मुद्दा असा की, आतली सगळी पाने खिळ्यांच्या शिस्तीत बांधलेली असताना मराठी अक्षराला मोकळेपणाने हातपाय पसरायला जागा उरली ती एकाच पानावर, मुखपृष्ठावर. आपल्या अक्षरांचे बहुतेक प्रयोग तिथे झाले ते कोणाच्या हौसेपेक्षा या अडचणीमुळे.

नावाभोवती काय असावे याचाही विचार होत असे. ४ जानेवारी १८८१ रोजी निघालेल्या 'केसरी'ने नावासोबत जगन्नाथ पंडितांच्या 'भामिनीविलासा'तला हत्तीला बजावणारा संस्कृत श्लोक घेतला. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले, त्याच्या शिरोभागी तुकारामांचा अभंग होता. १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या आल्या. ही वृत्तपत्रे-पाक्षिके होती, मासिके नव्हेत, पण गोष्ट तीच. श्लोक, अभंग, ओवी. आत एक ओळही न वाचता हे पत्र कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलू पाहते ते वरच्या चार बोटे जागेत कळते. नाव आणि त्याचा शेजार मिळून एक प्रतिज्ञाच असते म्हणा ना.

मासिकाच्या रूपाकडे चित्रकाराच्या डोळ्याने पाहणारा संपादक आपल्याला लाभला तो शंकरराव किर्लोस्करांच्या रूपाने. पंडित सातवळेकर वेदांचे अभ्यासक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण ते आधी चित्रकार होते. शंकरराव त्यांच्याकडे चित्रकला शिकले आणि मग नांगरांच्या कारखान्यात जाहिरातीचे काम पाहू लागले. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाली ती कारखान्याचे माहितीपत्र म्हणून. पुढे नावातली 'खबर' गळून नुसते 'किर्लोस्कर' राहिले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले. माल विकण्यासाठी आधी नजर पकडावी लागते हे जाहिरातवाल्याला शिकवावे लागत नाही. शंकररावांनी तेच शहाणपण मासिकाला लावले.

आता या तीन नावांकडे जरा अक्षरे म्हणून पाहा. 'किर्लोस्कर'मध्ये सगळी गर्दी डाव्या अंगाला. पहिली वेलांटी, मग रफार, त्याला चिकटून काना-मात्रा, आणि उजवीकडचा 'र' बिचारा उघडाबोडका. तोल सांभाळायचा कसा? 'स्त्री'चे दुखणे उलटे. अख्खे नाव म्हणजे एकच जोडाक्षर. स, त, र एकमेकांना बिलगलेले आणि वर दीर्घ वेलांटीचे छत्र. रुंदी नाही, त्यामुळे ते पानभर पसरणार कसे हा प्रश्न. 'मनोहर' सरळ, मधोमध एक मात्रा. 'सत्यकथा' तर त्याहून सरळ. शिरोरेषेच्या वर काही नाही, खाली काही नाही, सपाट माळावर चालल्यासारखे नाव. आणि 'दीपावली' लिहून पाहा. पहिले अक्षर 'दी', शेवटचे 'ली', दोन्ही टोकांना दीर्घ वेलांट्या, उंबऱ्याच्या दोन बाजूंना दोन पणत्या ठेवाव्यात तशा. असे नाव चित्रकाराच्या हाती आले की अर्धे काम नावानेच केलेले असते.

शाळेत आम्ही दरवर्षी हस्तलिखित काढत असू. नावाची अक्षरे काढायला मी आठवीतल्या मुलांना बसवी. बहुतेक जण पट्टी घेऊन आधी शिरोरेषा ओढत आणि तिला अक्षरे टांगत. ती एका मापाची होत, पण निर्जीव. एका वर्षी एका मुलीने शिरोरेषा ओढलीच नाही. अक्षरे इतकी जवळ बसवली की प्रत्येकाच्या माथ्यावरून रेषेचा भास व्हावा. मी तिला विचारले, "रेषा कुठे गेली गं?" ती म्हणाली, "आहे ना बाई, दिसत नाही एवढंच." देवनागरीची खुबी त्या पोरीला बरोबर कळली होती. शिरोरेषा धरून काय करता येते आणि सोडून काय करता येते, या दोन टोकांच्या मध्येच आपल्या अक्षरांचे सगळे प्रयोग चालतात.

असो. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदा सजूनधजून यायची प्रथा पडली. मुखपृष्ठावर रंगीत चित्र आले. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही गोव्याच्या मातीतले. त्यांच्या चित्रांनी मराठी घरांच्या भिंती आणि मासिके भरून गेली. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचे 'दीपावली'च सुरू केले. पण चित्र मोठे झाले तशी अक्षरे कोपऱ्यात सरकली. अनुक्रमणिकेच्या पानावर 'मुखपृष्ठ : अमुक' असे छापून येई. 'नावाची अक्षरे : अमुक' असे कोणी छापल्याचे माझ्या पाहण्यात क्वचितच आले. ज्याचे काम आपण रोज ओळखत होतो त्याचे नाव मात्र आपल्याला कधी कळले नाही.

वर्षानुवर्षे एकाच हाताने एका मासिकाचा चेहरा सांभाळल्याचे सुंदर उदाहरण म्हणजे 'ललित'. १९६४ साली ते सुरू झाले आणि तेव्हापासून कितीतरी वर्षे त्याच्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ वसंत सरवटे काढत राहिले. लेखक, वाचक, प्रकाशक या सगळ्यांची त्यावर थट्टा असे. जयवंत दळवींच्या 'ठणठणपाळ'ला हातोडा घेतलेला चेहरा दिला तोही त्यांनीच.

साठच्या दशकात आणखी एक गोष्ट घडली. तिचे मूळ साहित्याइतकेच यंत्रातही आहे. ब्लॉकला पैसे लागतात, कागदाला लागतात, छापखानेवाल्याला आगाऊ द्यावे लागतात. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांनी सायक्लोस्टाइल धरले. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने जे काढाल ते उमटते. तिथे खिळा नाही, जुळारी नाही, शिरोरेषेची सक्ती नाही. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांचे 'शब्द' पन्नाशीच्या मध्यात असेच निघाले. पुढे अशोक शहाणे यांचे 'असो', राजा ढाले यांचे 'येरू' अशी अनियतकालिके आली. नावेच पाहा. 'ज्योत्स्ना', 'मनोरंजन' अशी गोड नावे ऐकलेल्या कानांना 'असो' आणि 'येरू' ही चपराक होती. आम्हा मास्तर लोकांना हे तेव्हा पोरखेळ वाटे. पण ज्यांनी हे केले त्यांच्यातले कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक होते. त्यांना नेटके अक्षर येत नव्हते असे कोण म्हणेल? ओबडधोबड अक्षर त्यांनी जाणून निवडले होते. अक्षरांचीच कविता करणारे र. कृ. जोशी हेही त्याच काळातले. शब्दाचा अर्थ त्याच्या आकारातून दिसला पाहिजे हा ध्यास त्यांनी पुढे आय.आय.टी. मुंबईत शिकवताना आणि संगणकाचे टंक घडवताना सोडला नाही.

हाच ध्यास सर्वसामान्य मराठी माणसाच्या घरात नेला तो कमल शेडगे यांनी. टाइम्सच्या कला विभागात त्यांची नोकरी झाली. नाटकांच्या जाहिरातींतली आणि अनेक मासिकांची नावे त्यांनी रेखली. २०२० मध्ये ते गेले. रविवारचे वर्तमानपत्र उघडून नाटकांच्या पानावर त्यांची अक्षरे बघायची हा कित्येकांचा छंद होता. नाव वाचण्याआधीच नाटक हसरे की गंभीर ते कळे. ज्यांना अक्षररचनेतले काही कळत नाही अशा लाखो लोकांनी एका माणसाचे अक्षर ओळखावे, यापरते मोठे बक्षीस कोणते?

आज संगणकाने सगळेच सोपे केले आहे. नाव टाइप करा, टंक निवडा, हवे तेवढे मोठे करा. शिरोरेषेत फट पडत नाही. पण एक बारीक गंमत सांगतो. र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' विंडोजबरोबर घरोघरी आला आणि मराठी संगणकावर लिहिणे आपल्याला शक्य झाले, हे उपकार मोठेच. त्यात 'ल' मात्र हिंदी वळणाचा आहे, आपला पाकळ्यांचा नव्हे. अशा टंकात 'ललित' लिहिले तर तीनातली दोन अक्षरे पाहुणी. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवताना पाकळीचा 'ल' धरला आणि काही नव्या टंकांत तो मिळतोही. पण तो मागून घ्यावा लागतो, आणि मागायचे तर आधी फरक दिसावा लागतो. हाताने नाव काढणाऱ्या चित्रकाराला हा प्रश्न कधी पडला नसता.

फरक दिसण्यासाठी जुनी अक्षरे समोर हवीत. इथेच खरी अडचण आहे. एका जुन्या ग्रंथालयात मी मासिकांचे बांधीव खंड चाळायला गेलो. बारा-बारा अंकांचा एकेक खंड, पाठीवर सोनेरी अक्षरांत साल. आत कथा आहेत, लेख आहेत, मुखपृष्ठ एकही नाही. जाहिरातींची पानेही नाहीत. तिथल्या जुन्या नोकराने कारण सांगितले. जाड कव्हरांमुळे खंड फुगतो, पाठ नीट बसत नाही, म्हणून बांधणीवाला ती काढून टाकतो. आणि त्यात वाचण्यासारखे काय असते? त्याचे काही चुकले असे नाही. वाचण्यासारखे ते सारे आपण जपले. पाहण्यासारखे रद्दीत गेले. पुढे असल्याच खंडांवरून स्कॅन होतात, तेव्हा संगणकावरही मासिक बिनचेहऱ्याचेच उतरते.

म्हणून वाचकहो, एक विनंती. माळ्यावर जुन्या अंकांचे गठ्ठे असतील आणि ते देऊन टाकायची वेळ आली असेल, तर निदान मुखपृष्ठे काढून एका पाकिटात ठेवा. मागे पेन्सिलीने महिना आणि साल लिहा. ओळखीच्या ग्रंथालयात बांधणीचे काम निघाले तर कव्हरे आत धरायला सांगा, पाठ थोडी जाड होईल एवढेच. मराठी अक्षर मोकळे असताना कसे दिसत होते ते उद्या कोणाला पाहायचे झाले, तर त्या एका पानाखेरीज आपल्याकडे दाखवायला दुसरे फारसे नाही.