पोरक्या सॉलिडची कुळकथा

संगणकावर आरेखित केलेला यंत्रभाग एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जातो तेव्हा त्याचा आकार पोचतो, परंतु तो आकार कोणत्या क्रमाने घडला याची नोंद वाटेतच गळून पडते. पूर्वेतिहास गमावून आलेल्या अशा आकृतीला यंत्रकामाच्या व्यवहारात ‘डम्ब सॉलिड’ किंवा नुसते ‘इम्पोर्टेड बॉडी’ म्हणतात. त्या आकृतीत फेरफार करण्याचे तंत्र, म्हणजे ज्याला आज ‘डायरेक्ट एडिटिंग’ हे नाव आहे ते, सर्वसाधारणपणे 2007-08 च्या सुमाराचे नवे फळ समजले जाते. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे, कारण या तंत्राचे बीज घनाकृतींच्या गणिताइतकेच जुने आहे आणि ते रुजले तेव्हाही यंत्रकामाची गरज त्याच्या अगदी जवळ होती.

या फेरफाराची गरज का पडते, हे एका साध्या हाउसिंगवरून स्पष्ट होते. ग्राहकाच्या फाइलीत एम-8 आट्यांचे भोक कधी पूर्ण 8 मिलिमीटर व्यासाचे, तर कधी आट्यांच्या अंतर्व्यासाइतके, म्हणजे 6.647 मिलिमीटरचे काढलेले असते. टॅप मारण्याआधी मात्र तेथे 6.8 चे ड्रिल चालवायचे असते. त्याच हाउसिंगमधील 25 एच-7 बोअर मॉडेलमध्ये नेमका 25 चा असतो, परंतु त्याची मुभा 25.000 ते 25.021 अशी एकाच बाजूला असल्यामुळे टूलपाथ लिहिणाऱ्याला तो 25.01 च्या आसपास हवा असतो. खोल पॉकेटच्या कोपऱ्याची त्रिज्या 3 असेल, तर 6 व्यासाचे एंडमिल त्या कोपऱ्यात तंतोतंत बसते आणि तेथे पोचताच थरथरू लागते, म्हणून आरेखकाच्या संमतीने ती त्रिज्या थोडी वाढवावी लागते. वरच्या पृष्ठावर कटर फिरवताना तो भोकांच्या कडांशी खाली उतरू नये, यासाठी ती भोके तेवढ्यापुरती बुजवावी लागतात. यांतील एकाही कामासाठी मूळ आरेखकाने आधी काय काढले आणि नंतर काय, हे जाणून घेण्याची आवश्यकता नसते. समोरच्या पृष्ठाने हाताचे ऐकावे, एवढेच पुरेसे असते.

पृष्ठाला असे ‘ऐकायला’ लावण्याचे गणित केंब्रिज विद्यापीठात जन्मले. तेथे 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात इयन ब्रेड यांनी ‘बिल्ड’ नावाची प्रणाली रचली, आणि तिच्यात घनाकृती ही तिच्या सीमेच्या रूपाने, म्हणजे पृष्ठे, कडा व शिरोबिंदू आणि त्यांचे परस्परसंबंध यांच्या जाळ्याने, साठवलेली होती; या पद्धतीला पुढे ‘बी-रेप’ हे संक्षिप्त नाव मिळाले. शिरोबिंदूंच्या संख्येतून कडांची संख्या वजा करून पृष्ठांची संख्या मिळवली, की साध्या बहुपृष्ठकासाठी उत्तर नेहमी 2 येते (ठोकळ्यासाठी 8 वजा 12 अधिक 6), हे ऑयलरचे सूत्र या पद्धतीला आधारभूत ठरले, कारण जी क्रिया हे समीकरण मोडत नाही ती केल्यानंतर जाळे शाबूत राहते, याची हमी त्यातून मिळते. स्टॅनफर्डमध्ये ब्रूस बॉमगार्ट यांनीही त्याच सुमारास याच दिशेने काम केले होते. समीकरण न मोडणाऱ्या अशा छोट्या क्रिया एकापुढे एक जोडून संपूर्ण आकृती नव्याने न रचता तिचा केवळ एक कोपरा बदलता येतो. यांना ‘स्थानिक क्रिया’ म्हणतात, आणि एखादे पृष्ठ सरकवून शेजारच्या पृष्ठांशी त्याचे छेद पुन्हा काढणे, ही त्यांतील सर्वांत उपयोगाची क्रिया होय.

याच गटातील अॅलन ग्रेअर यांनी 1976 मध्ये आपला प्रबंध सादर केला तो आरेखन आणि उत्पादन यांच्यामधील दुव्यावरच: बिल्डमधील घनाकृतीवरून मिलिंग यंत्राचे टूलपाथ आपोआप काढणे हा त्याचा विषय होता. 1980 मध्ये तेथेच लाकिस किप्रियानू यांनी, कोणती कड आत वळलेली आहे आणि कोणती बाहेर, एवढ्यावरून खाच, भोक किंवा उंचवटा ओळखण्याची रीत मांडली. पॉकेटच्या भिंती तळाला मिळतात त्या कडा आत वळलेल्या असतात. त्या एकमेकींना जोडत गेले की पॉकेट सापडते. आज ज्याला ‘फीचर रेकग्निशन’ म्हणतात त्याचे मूळ या साध्या निरीक्षणात आहे, आणि इतक्या कमी भांडवलावर इतके दूर जाणारी कल्पना या क्षेत्रात क्वचितच आढळते. ब्रेड, ग्रेअर, चार्ल्स लँग आणि पीटर वीनमन यांनी 1974 मध्ये स्थापन केलेल्या शेप डेटा कंपनीने 1978 मध्ये ‘रॉम्युलस’ हे भूमितीचे इंजिन विक्रीस आणले. त्याच कुळात पुढे ‘पॅरासॉलिड’ आले, तर ब्रेड, ग्रेअर व लँग यांनी वेगळे होऊन ‘एसीस’ घडवले. आजच्या बहुसंख्य कॅड-कॅम सॉफ्टवेअरच्या पोटात या दोहोंपैकी एक इंजिन असते.

असे असूनही स्थानिक क्रियांची ही वाट पुढे दीर्घकाळ झाकली गेली, आणि त्याला कारण ठरले ते एक मोठे यश. सॅम्युएल गाइसबर्ग यांनी 1985 मध्ये स्थापन केलेल्या पीटीसी कंपनीचे प्रो-इंजिनिअर त्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले, आणि आरेखनाची प्रत्येक पायरी फीचरच्या यादीत नोंदवून, एखादे माप बदलताच संपूर्ण यादी पुन्हा चालवण्याची त्याची पद्धत इतकी प्रभावी ठरली, की आकृती म्हणजे तिच्या घडणीचा इतिहास, हे समीकरण सर्वत्र रूढ झाले. ही पद्धत घरात उत्तम चालते. फाइल घराबाहेर पडली की मात्र ती यादी मागेच राहते.

मागे राहण्याचे कारण विनिमयाच्या प्रमाणांत आहे. बोइंग, जनरल इलेक्ट्रिक आणि अमेरिकेचे नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स यांच्या सहकार्याने, अमेरिकी हवाई दलाच्या पाठबळावर, 1980 मध्ये ‘आयजेस’ हे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. पंचकार्डाच्या काळाची आठवण देणाऱ्या 80 स्तंभांच्या ओळींत ते रेषा, वक्र आणि पृष्ठे लिहीत असे. बंदिस्त घनाची सोय त्यात बरीच उशिरा आली, त्यामुळे आयजेस फाइल उघडली की हाती सुट्या पृष्ठांचा ढीग येई आणि ती शिवून त्यातून घन बनवणे हेच पहिले काम असे. 1984 मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांतून 1994 मध्ये ‘स्टेप’, म्हणजे आयएसओ 10303, प्रसिद्ध झाले आणि संपूर्ण बी-रेप घन एका फाइलीत जाऊ लागला. स्टेप फाइल साध्या मजकुराच्या रूपात उघडून पाहिली तर एका ओळीत दंडगोलाकार पृष्ठ, त्याच्या अक्षाचा संदर्भ आणि त्रिज्या 3.4 असे लिहिलेले सापडते. हे टॅपिंगचे भोक आहे, हे मात्र नेहमीच्या भूमितीच्या नोंदीत नसते. घडणीचा क्रम वाहून नेण्यासाठी याच प्रमाणाचे स्वतंत्र भाग 2005 मध्ये लिहिले गेले, परंतु प्रत्येक सॉफ्टवेअरचा ‘फिलेट’, म्हणजे कडेची गोलाई, थोडा वेगळा वागत असल्यामुळे ते व्यवहारात रुजले नाहीत.

आयात केलेल्या आकृतीत आणखी एक दोष शिरतो, तो सूक्ष्मतेचा. दोन बिंदू एकच आहेत असे कधी मानायचे, याची मर्यादा प्रत्येक इंजिनाची वेगळी असते: पॅरासॉलिडमध्ये ती 0.00001 मिलिमीटर, तर कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या मांडणीत 0.001 मिलिमीटर आहे. एका घरात मिटलेली कड दुसऱ्या घरात फटीसारखी दिसते ती यामुळेच, आणि म्हणून या इंजिनांना स्वतःपुरती ढिली मर्यादा बाळगणाऱ्या ‘सहिष्णु’ कडांची सोय करावी लागली. आयात करताना चालणारी ‘हीलिंग’ ही क्रिया बव्हंशी अशा फटी मिटवण्याचीच असते, आणि ती नीट झाल्याखेरीज पुढील कोणत्याही फेरफाराला भक्कम पाया मिळत नाही.

स्थानिक क्रियांची वाट या काळात पूर्णपणे बुजली नव्हती. ह्यूलेट-पॅकार्डच्या सॉलिडडिझायनरने, जे नंतर कोक्रिएट झाले, ती एसीसच्या आधाराने जपली होती. 2005 मध्ये स्थापन झालेल्या स्पेसक्लेम कंपनीने 2007 मध्ये ती पुन्हा मध्यभागी आणली, आणि कंपनीच्या संस्थापकांत पीटीसी व सॉलिडवर्क्स यांच्या जडणघडणीत सहभागी असलेले माइक पेन होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे, कारण इतिहासाधारित पद्धतीची मर्यादा ती उभी करणाऱ्यांइतकी इतरांना क्वचितच दिसली असेल. 2008 मध्ये सीमेन्सने ‘सिंक्रोनस’ तंत्र आणले. दुसरी वाट होती हरवलेला इतिहास अनुमानाने पुन्हा उभा करण्याची, आणि तिच्यात महाराष्ट्राचा खराखुरा वाटा आहे: आयात आकृतीतून फीचर ओळखून काढणारे सॉलिडवर्क्समधील ‘फीचरवर्क्स’ हे गोदरेज समूहातून निघालेल्या मुंबईच्या जिओमेट्रिक कंपनीने घडवले होते.

एखादे फिलेट पुसायचे झाल्यास आजचे सॉफ्टवेअर ते पृष्ठ काढून टाकते, दोन्ही बाजूंची पृष्ठे वाढवून त्यांचा छेद घेते आणि त्या छेदावर नवी कड बसवते. शेजारची पृष्ठे सपाट किंवा दंडगोलाकार असतील तर ती हवी तितकी वाढतात. मुक्त वक्रपृष्ठे मात्र वाढवताना विस्कटतात किंवा एकमेकांना मिळतच नाहीत, आणि क्रिया नाकारली जाते. मोल्डच्या कामात फिलेटे ज्या क्रमाने घातली गेली असतील त्याच्या उलट क्रमाने पुसत जाण्याचा प्रघात पडला आहे, तो याच कारणाने.

आता बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे फेरफार आयात आकृतीच्या खाली पुन्हा एक-एक पायरी म्हणून नोंदवले जातात, म्हणजे पोरक्या आकृतीचा नवा इतिहास सुरू होतो. परंतु ग्राहकाकडून सुधारित आवृत्तीची फाइल येते तेव्हा तिच्यातील पृष्ठांची ओळख बदललेली असू शकते, आणि ‘हे पृष्ठ 0.01 ने सरकवा’ असे सांगणाऱ्या पायरीला ते पृष्ठ कोणते हेच सापडत नाही. नामकरणाच्या स्थैर्याचा हा प्रश्न इतिहासाधारित पद्धतीतही प्रारंभापासून आहे आणि त्यावर सर्वमान्य तोडगा अद्याप निघालेला नाही. तोवर बोअर, आट्यांची भोके आणि कोपरे प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत प्रोग्रामरला पुन्हा तपासावे लागतात.