चर्चासत्रातील निबंध ते विचारग्रंथ : डॉ. आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील लेखनाचा विकास

प्रस्तावना :
पदवी अभ्यासक्रमात निबंध, प्रकल्प आणि चर्चासत्रातील शोधनिबंध यांना स्थान मिळाले असले, तरी विद्यार्थ्याचे लेखन ही एक स्वतंत्र वैचारिक कृती आहे, ही जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही. कर्जत व खालापूर या तालुक्यांतील महाविद्यालयांत गावे आणि आदिवासी वाड्यांमधून येणारे अनेक विद्यार्थी घरातील पहिलेच पदवीधर ठरतात. अशा विद्यार्थ्याच्या लेखनाकडून नेमकी कोणती अपेक्षा धरावी, हा तेथील प्राध्यापकांपुढील प्रश्न आहे. मुंबई विद्यापीठाच्याच एका पदवीधराच्या विद्यार्थिदशेतील लेखनाचा इतिहास या प्रश्नाच्या उत्तरासाठी उपयुक्त ठरतो. तो पदवीधर म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. कर्जत-खालापूर ज्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातील महाड येथे १९२७ साली त्यांच्या विचाराने कृतीचे रूप घेतले. त्या विचाराची एक महत्त्वाची पूर्वतयारी मात्र अकरा वर्षे आधी एका वर्गातील निबंधात झालेली होती.

वर्णनाकडून प्रश्नाकडे :
एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाल्यावर बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. एम. ए. पदवीसाठी त्यांनी १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवस्था या विषयावर प्रबंध सादर केला. कंपनीच्या कारभाराची रचना आणि तिचा जमाखर्च यांची मांडणी हा त्याचा मुख्य भाग होय. माहिती जमवून ती शिस्तीने मांडण्याचे शिक्षण या लेखनात दिसते.

पुढील वर्षी चित्र बदलले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींचे स्वरूप, उगम आणि विकास या विषयावर निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. निबंधाच्या आरंभी सेनार, नेसफिल्ड, रिझ्ले आणि केतकर या चार अभ्यासकांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या. पैकी श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असतानाच १९०९ मध्ये जातिसंस्थेच्या इतिहासावरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला होता. म्हणजे एका मराठी विद्यार्थ्याच्या लेखनाला दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याने दिलेले हे उत्तरही होते.

केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती : जन्मावरून मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेरील विवाहास बंदी. आंबेडकरांनी केतकरांच्या दृष्टीचा गौरव केला. परंतु ही दोन लक्षणे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे दाखवून दिले. बाहेर विवाहच होणार नसेल, तर बाहेरच्याला प्रवेशही उरत नाही. म्हणून जातीचा गाभा अंतर्विवाह हाच होय, असे प्रतिपादन त्यांनी केले. गट बंदिस्त ठेवावयाचा, तर विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या समतोल राहणे आवश्यक असते. पतीच्या वा पत्नीच्या मृत्यूने तो समतोल ढळतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा तो टिकविण्याचे उपाय होत्या, अशी संगती त्यांनी लावली. मनूने जाती निर्माण केल्या हे मतही त्यांनी नाकारले आणि जातींच्या प्रसाराचे कारण अनुकरणात शोधले. आपले मत टिकत नाही असे सिद्ध झाल्यास ते सोडून देण्याची तयारीही त्यांनी अखेरीस नोंदविली. जातीचे चटके ज्याने स्वतः सोसले, त्याने लिहिलेल्या या निबंधात तक्रारीचा स्वर नाही; अनुभवाने दिलेला प्रश्न पुराव्याच्या भाषेत मांडलेला आहे.

मतभेद सोसणारे गुरू :
हा निबंध मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोलंबियातील पीएच. डी.चा प्रबंध १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ म्हणून आला, तेव्हा प्रा. एडविन सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अनुभव अधिक बोलका आहे. १९२२ मध्ये सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. मुंबईस परतलेल्या आंबेडकरांनी तो सुधारून पुन्हा पाठविला आणि १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. पदवी मिळाली. त्याच वर्षी निघालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत प्रा. एडविन कॅनन यांनी आपल्या विद्यार्थ्याशी असलेला मतभेद उघडपणे नोंदविला आणि त्याच्या विवेचनातील ताजेपणाची प्रशंसाही केली. निष्कर्ष मान्य नसतानाही युक्तिवादाचे मोल ओळखणे, हे अध्यापकाचे कार्य येथे स्पष्ट होते.

वर्गाबाहेर :
विद्यार्थिदशेतील हे लेखन पदवीबरोबर संपले नाही. १९-२० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. त्यानंतर दोन आठवड्यांत, ३ एप्रिल रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. इंग्रजी प्रबंधांत घोटलेली युक्तिवादाची शिस्त आता मराठी वाचकांपुढे आली. १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरील त्यांचे न झालेले भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. १९४४ च्या आवृत्तीच्या वेळी त्यात १९१६ चा निबंध समाविष्ट करून फेरमांडणी करण्याचा आपला विचार होता, असे त्यांनी नमूद केले आहे. वर्गात वाचलेला निबंध अठ्ठावीस वर्षांनंतरही लेखकाला आपल्या विचाराचा आधार वाटत होता.

समारोप :
या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, विद्यार्थ्याच्या लेखनाची वाढ माहितीच्या विस्ताराने नव्हे, तर प्रश्नाच्या नेमकेपणाने मोजावी. दुसरी, लेखन परत करणे म्हणजे नापास करणे नव्हे. फेरलेखन हा शिक्षणाचाच भाग होय. तिसरी, विद्यार्थ्याचा अनुभव हा अभ्यासाचा अडथळा नसून प्रारंभबिंदू आहे.

कर्जत-खालापूर परिसरात अशा प्रश्नांची वाण नाही. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला, हे वर्णन झाले. तो खोदणारे हजारो मजूर कोठून आले आणि त्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न झाला. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू होऊन मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, ही माहिती झाली. परिसरातील वाड्यांत ती केव्हा पोहोचली, हा प्रश्न झाला. वाडीवरून येणाऱ्या विद्यार्थिनीला दुसऱ्या प्रश्नाचे साधन आपल्या आजीच्या आठवणीत सापडू शकते. तिने लिहिलेल्या दहा पानांवर केवळ गुण न मांडता, तिच्या युक्तिवादाला उत्तर देणारा वाचक तिला महाविद्यालयात लाभला पाहिजे. आंबेडकरांना असे वाचक परदेशात मिळाले. ते येथेच निर्माण करणे हे प्राध्यापकवर्गाच्या हाती आहे.