घारापुरीचे एका दिवसाचे पाहुणे

मुंबई बंदरात परदेशी प्रवासी जहाज लागलं की पाहुण्यांना गाव बघायला जेमतेम एक दिवस मिळतो. त्या दिवसाच्या यादीत एक नाव हमखास असतं... एलिफंटा. गेटवेपासून लाँचने तासाभरावर. मी गेले तेव्हा धक्क्यावर असाच एक घोळका उतरला होता. गळ्यात जहाजाची ओळखपत्रं, नजर सारखी घड्याळाकडे. त्यांच्या मागोमाग पायऱ्या चढताना वाटलं, या बेटाविषयी जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं अशाच पाहुण्यांनी लिहिलंय. बेटावरून नेलंही त्यांनीच.

आता नावच घ्या. इथल्या लोकांसाठी ही घारापुरी. 1534 मध्ये हा भाग पोर्तुगीजांकडे गेला. त्यांना किनाऱ्याजवळ एक दगडी हत्ती दिसला, म्हणून बेटाचं नाव एलिफंटा. पुढे 1864 मध्ये इंग्रजांना तो हत्ती विलायतेला न्यावासा वाटला. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच राहिले, नंतर जोडले गेले. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. म्हणजे ज्याच्यावरून नाव पडलं तो हत्तीच बेटावर नाही!

पण खरी हानी वेगळीच आहे. लेण्यात एक शिलालेख होता. दियोगु दु कोटो या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवलंय की तो दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला गेला, पण तिथे तो कोणालाच वाचता आला नाही. पुढे तो नाहीसाच झाला. त्या दगडावर कदाचित लेणं खोदवणाऱ्याचं नाव असेल. आमच्या फलटणला रामाच्या देवळासमोर उभं राहून "हे कोणी बांधलं?" असं विचारलं, तर निंबाळकर घराण्याचं नाव सांगणारा कोणीतरी भेटतोच. इथे सदाशिवाच्या त्या भव्य मूर्तीसमोर उभं राहून तोच प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं, "बहुधा".

बहुधा कलचुरी. बेटावर कृष्णराज या कलचुरी राजाची नाणी सापडली आणि शिल्पांची शैली सहाव्या शतकाकडे बोट दाखवते, त्यावरून हा अंदाज. ऐहोळेच्या 634 च्या शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने नौदल घेऊन "पुरी" जिंकल्याचं वर्णन आहे. ती पुरी म्हणजे हेच बेट, असं काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. एक दगड जागेवर राहिला असता तर कदाचित हा सगळा वाद उरला नसता.

मूर्तीचंही तसंच. त्रिमूर्ती म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. अभ्यासक सांगतात, ही तिन्ही मुखं शिवाचीच. मधलं शांत तत्पुरुष, एका बाजूला उग्र अघोर, दुसरीकडे कोमल वामदेव. घाईत बघणाऱ्याला तीन तोंडं दिसतात आणि तेवढ्यावर तो पुढे सरकतो. खरं तर एका देवाच्या तीन वृत्ती इतक्या जवळजवळ मांडणं, हीच त्या शिल्पकाराची कमाल.

1875 मध्ये इंग्लंडचे युवराज, पुढचे सातवे एडवर्ड, जहाजाने मुंबईला आले. त्यांच्यासाठी या लेण्यात रोषणाई करून मेजवानी झाली. एका रात्रीसाठी उजेड आला आणि गेला. बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांना समुद्राखालच्या केबलने वीज मिळाली ती 2018 च्या फेब्रुवारीत. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असताना! लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला होता 1987 मध्ये. वीज यायला त्यानंतरही 30 वर्षांहून जास्त काळ लागला.

पाहुण्यांनी येऊ नये असं नाही. बेटावरची कितीतरी घरं त्यांच्यावरच चालतात. गार्सिया द ओर्ता आणि जुआंव द कास्त्रो यांच्यासारख्या सोळाव्या शतकातल्या पाहुण्यांनी लिहून ठेवलं म्हणून तेव्हाचं लेणं आज थोडंफार कळतं. पण ज्यांनी नुसतं पाहिलं आणि टिपलं ते काहीतरी देऊन गेले. ज्यांना आठवण म्हणून दगडच हवा होता, त्यांनी बेटाची आठवण नेली. तुम्ही कधी गेलात तर एवढं करा, तिकडे त्या बेटाला घारापुरीच म्हणा. तेवढी एक गोष्ट अजून तिथल्या लोकांकडे शाबूत आहे.