सवाई-दिढीपासून कार्डापर्यंत

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात रोहणा हे कापूस पिकवणाऱ्या मुलखातले गाव. पुलगावहून आर्वीला जाणारी अरुंद मापाची छोटी रेल्वे या गावावरून जात असे. ती गाडी आता इतिहासजमा झाली. मात्र ज्या कापसासाठी ती टाकली होती, तो कापूस आणि त्याच्या मागेपुढे चालणारे उधारीचे चक्र अजून तसेच आहे. आज याच गावातील दुकानात मोबाईलवर पैसे घेण्याचे चौकोनी चित्र चिकटवलेले दिसते आणि शहरात नोकरीला गेलेल्या मुलांच्या खिशात क्रेडिट कार्ड असते. ही सारी नवलाई वरवर पाहता अगदी नवी वाटते. पण उधारीचा इतिहास चाळला, तर तिच्यातले बरेचसे जुने निघते.

जुन्या काळी कास्तकार पेरणीला सावकाराकडून बियाणे घेई आणि पीक आल्यावर परत करी. सवाईने घेतले तर मणाला सव्वा मण, दिढीने घेतले तर दीड मण. मुदत मात्र एका हंगामाची. म्हणजे चार-सहा महिन्यांत शेकडा पंचवीस किंवा पन्नास वाढ. रोख कर्जावरचे व्याज वेगळे. ते थकले की मुद्दलात मिसळून नवे कर्जखत लिहिले जाई. यालाच ‘नवे-जुने’ करणे म्हणतात आणि हा शब्द आजही बँकेच्या दारात ऐकू येतो.

आपल्या पूर्वजांना या व्याजाची भीती पुरेपूर ठाऊक होती. कौटिल्याने दरमहा शेकडा सव्वा पण हे न्याय्य व्याज सांगितले. व्यापाऱ्याला पाच आणि समुद्रापार जाणाऱ्याला वीस. जोखीम मोठी तसे व्याज मोठे, असा तो हिशेब. याच्याच जोडीला ‘दामदुप्पट’ हा नियम होता. थकलेले व्याज मुद्दलाइतके झाले की तिथेच थांबावे, त्यापुढे मागता येऊ नये.

इंग्रजी अमलात कोर्टाला कागद तेवढा दिसू लागला. कर्जखतावर अंगठा आहे ना, मग हुकूमनामा द्या. त्याचा स्फोट 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झाला. शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते हिसकावून जाळली. त्यांचा मुख्य रोख माणसांवर नसून कागदांवर होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यानंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जखताच्या मागे जाऊन मुळात किती दिले, किती फेडले याचा हिशेब उघडण्याचा अधिकार त्याने कोर्टाला दिला. सावकाराने पावती द्यावी, खाते दाखवावे, हेही बंधन घातले.

तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगरपुरता होता. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात. इकडे कायदा यायला 1929 नंतरची जागतिक मंदी यावी लागली. कापसाचे भाव कोसळले, कर्जाचा आकडा मात्र होता तिथेच राहिला. तेव्हा 1933 मध्ये मध्य प्रांताने कर्ज समेट कायदा केला. मंडळासमोर ऋणको आणि धनको दोघांनी बसायचे, कर्ज किती कमी करायचे ते ठरवायचे आणि हप्ते बांधायचे. पुढच्याच वर्षी सावकारी कायदा झाला. त्याच्या थोडे आधी, 1932 मध्ये, कापूस बाजाराचाही कायदा झाला होता, कारण बाजारात आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नावांनी कास्तकाराच्या पैशातून किती कापले जाते याला धरबंधच नव्हता.

या सगळ्या धडपडीतून तीन गोष्टी उभ्या राहिल्या. हिशेब उघडा असावा, व्याजाला हद्द असावी आणि देणारा-घेणारा समोरासमोर बसावेत. याच तीन कसोट्यांवर आजचे कार्ड घासून पाहू.

क्रेडिट कार्डाचा आजचा व्यवसाय 1950 मध्ये न्यूयॉर्कच्या डायनर्स क्लबपासून सुरू झाला. भारतात बँकांची कार्डे 1980 च्या सुमारास आली. वेळेवर सगळे पैसे भरणाऱ्याला कार्ड जवळजवळ फुकटात पडते. न भरणाऱ्याचे काय होते ते पाहा. दहा हजारांची बाकी आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. बिलावर ‘किमान रक्कम’ पाचशे रुपये लिहिलेली असते, म्हणून आपण निश्चिंत मनाने तेवढीच भरतो. त्यातले साडेतीनशे व्याजात जातात, त्या व्याजावरच्या जीएसटीत त्रेसष्ट जातात आणि मुद्दलातून सुटतात फक्त सत्त्याऐंशी! बँकेनुसार नियम थोडेफार वेगळे असतील, पण गणिताचा कल हाच. आजोबांचे ‘नवे-जुने’ निदान वर्षातून एकदा होई. हे दर महिन्याला होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुकानदाराची गोष्ट निराळी नाही. ग्राहकाने क्रेडिट कार्डाने शंभर रुपये दिले की दुकानदाराच्या खात्यात साधारण अठ्ठ्याण्णवच्या आसपास पडतात. मधले बँका आणि कार्ड कंपन्या वाटून घेतात. किराण्यात शंभरामागे पाच रुपये सुटत असतील तर दोन इथेच गेले. म्हणून दुकानदार भाव वाढवतो आणि रोखीने घेणाऱ्या मजुरालाही तो भाव पडतो. आडत कापसाच्या काट्यावरून उठून गल्ल्यावर येऊन बसली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी 2020 पासून ही कपात शून्य झाली. गावोगावच्या दुकानांत ती चौकोनी चित्रे दिसतात, त्याचे हे मोठे कारण. 2022 पासून मात्र रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येते, तेव्हा दुकानदाराने आपला करार वाचून ठेवलेला बरा.

कायद्याचे काय? महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा 2014 मध्ये आला. त्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांची मर्यादा ठरली. बँकांना तो कायदा लागू नाही. उलट, व्याज जास्त आहे एवढ्या कारणावरून बँकेचे खाते कोर्टाने उघडू नये, असे कलम बँकिंग कायद्यात 1984 पासून आहे. म्हणजे 1879 मध्ये कोर्टाला जे दार उघडून दिले, ते इथे बंद झाले. ग्राहक आयोगाने 2008 मध्ये कार्डावर तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला आणि दर ठरवणे हा रिझर्व्ह बँकेचा विषय मानला.

रिझर्व्ह बँकेने काहीच केले नाही असे मात्र नाही. 2022 च्या नियमांनी न मागितलेले कार्ड माथी मारण्यास बंदी केली आणि न भरलेल्या शुल्कावर व्याज चढवण्यासही. 2021 पासून एकात्मिक लोकपाल योजनेत फुकट तक्रार करता येते. म्हणजे हिशेब थोडा उघडला. व्याजाला हद्द नाही. आणि समोरासमोर बसणे? कार्ड देणारा कोण, तो कुठे बसतो, हेच आपल्याला ठाऊक नसते.

शेतकऱ्याचे कार्ड मात्र वेगळे आहे. 1998 मध्ये आलेल्या किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंत सात टक्के व्याज ठरले आणि वेळेत फेडले तर सवलतीने ते चार टक्क्यांवर आले. पण कापसाचा चुकारा लांबला, की तारीख हुकते आणि सवलतही जाते. मग पुढच्या पेरणीला कृषी केंद्राची उधारी आलीच. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता, तो उगाच नाही.

कार्ड वाईट नाही. सावकारही गावाला लागतच होता, नाहीतर पेरणी झाली नसती. प्रश्न हिशेबाचा आहे. सुप्याच्या शेतकऱ्यांना जाळायला कागद तरी सापडला. आपला कागद आता मोबाईलमध्ये आहे. तो जाळता येत नाही, म्हणून निदान वाचावा. बिल आले की आधी ‘एकूण रक्कम’ पाहावी, ‘किमान रक्कम’ नव्हे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)