जाळी थांबली, गोडं पाणी अडलेलंच

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, एव्हरग्लेड्सच्या खारफुटीलगत, लांब काठीने रेटलेल्या छोट्या होड्यांतून उथळ पाण्यात मासेमारी होते. तिथल्या सागरी जीवनाच्या ऱ्हासाचा सगळा दोष कोळ्यांच्या जाळ्यांवर टाकणं इतिहासाला धरून नाही. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातली व्यावसायिक मासेमारी १९८५ अखेर थांबली. तरी १९८७ पासून फ्लोरिडा उपसागरातलं समुद्री गवत हजारो हेक्टरवर मेलं. कालव्यांनी आणि १९२८ च्या टामियामी रस्त्याने गोड्या पाण्याचा ओघ आधीच अडवला होता. त्यामुळे वाढलेला खारटपणा हे गवत मरण्यामागचं एक प्रमुख कारण. मग जाळी निर्दोष होती का? नाही, जाळ्यांवरचे १९९५ चे राज्यव्यापी निर्बंध बोयसारख्या माशांसाठी गरजेचेच होते. पण पिलांना आसरा देणारं गवत निर्बंधांनी जगत नाही, त्याला खारटपणा आटोक्यात ठेवणारा गोड्या पाण्याचा ओघ लागतो. कोळ्यांनी आपली किंमत मोजली. पाणी वळवणाऱ्यांनीही मोजायला हवी.